आरोपपत्र आधी, आरोपी नंतर

‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ हा प्रश्न ज्यांनी शाळेत सोडवलाय, त्यांना त्याची रीत तोंडपाठ असते. हे वाक्य अमक्यानं तमक्याला म्हटलंय, प्रसंग असा असा, मग दोन ओळी भावार्थ, की मार्क खिशात. माझ्या मावसबहिणीची लेक इंग्लंडात वाढली. तिलाही यातून सुटका नाही. तिकडच्या जीसीएसईच्या, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेच्या, इंग्रजी साहित्याच्या पेपरला पुस्तक जवळ ठेवता येत नाही, त्यामुळे कादंबरीतली वाक्यं पाठ करून जावं लागतं. तिला मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाईन’ आहे, प्रेतांच्या तुकड्यांतून जीव घडवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईनची आणि त्यानं टाकून दिलेल्या त्या राक्षसाची गोष्ट. तिनं केलेल्या कार्डांचे फोटो व्हॉट्सॲपवर आले. पुढच्या बाजूला अवतरण, मागच्या बाजूला लाल पेनानं विषय: महत्त्वाकांक्षा, एकाकीपणा, निसर्ग. खाली प्रश्न, ‘मावशी, यातली कुठली इम्पॉर्टंट?’

कार्डं सुबक होती. पण विषयवार गठ्ठे बांधल्यामुळे त्या वाक्यांचा क्रम मोडला होता, आणि या कादंबरीत सगळी गंमत क्रमात आहे. सुरुवातीची पानं ओळीनं वाचली तर राक्षस यायच्या कितीतरी आधी खटला उभा राहिलेला असतो. फिर्याद दाखल झालेली असते, साक्षी झालेल्या असतात, आणि आरोपपत्र बऱ्याच अंशी खुद्द आरोपीनंच लिहून दिलेलं असतं. त्याला त्याचा पत्ता नसतो, एवढंच.

पहिलं अवतरण तर कादंबरीतलं नाहीच. पुस्तक लंडनमध्ये निघालं १ जानेवारी १८१८ला. तीन खंड, पाचशे प्रती, लेखकाचं नाव नाही. (त्याच दिवशी इकडे भीमेकाठी कोरेगावात लढाई चालली होती. दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण मराठी डोळा त्या तारखेवर अडखळतोच.) शीर्षकपानावर मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यातल्या तीन ओळी छापल्या होत्या. मराठीत साधारण अशा: ‘हे कर्त्या, मातीतून मला माणूस घडव, असं मी तुला सांगितलं होतं का? अंधारातून मला वर काढ, म्हणून मी तुझ्या विनवण्या केल्या होत्या का?’

बोलणारा आदम आहे, बायबलमधला पहिला माणूस, देवाची आज्ञा मोडून पतन झाल्यानंतरचा. आपल्याकडे हे काव्य करायला मिल्टन लागत नाही. घराघरातली पोरं चौदाव्या-पंधराव्या वर्षी दार आपटून तेच म्हणतात, ‘मी काय अर्ज केला होता का, जन्माला घाला म्हणून?’ मिल्टनचा आदम मात्र तिथंच थांबत नाही. त्याच स्वगतात पुढे तो स्वतःला विचारतो, की उद्या माझा मुलगा उलटून मला हेच म्हणाला, तर ते मी ऐकून घेईन का? आणि देवापुढे नमतं घेतो. शेलीबाईंनी नमतं घेतल्याच्या ओळी गाळल्या. प्रश्न तेवढा ठेवला.

आता पान उलटा. अर्पणपत्रिका आहे विल्यम गॉडविन यांना, म्हणजे लेखिकेच्या वडिलांना. १८१४मध्ये सोळा वर्षांची मेरी, लग्न झालेल्या कवी पर्सी शेलीबरोबर पळून गेली, तेव्हापासून १८१६च्या डिसेंबरात त्यांचं रीतसर लग्न होईपर्यंत या वडिलांनी मुलीशी संबंध तोडला होता. विवाहसंस्थेवर जाहीर टीका करणारे विचारवंत ते हेच. एका पानावर ‘मला घडव असं मी म्हटलं होतं का’, आणि पुढच्याच पानावर ‘सादर अर्पण’. याचा अर्थ मी सांगत बसत नाही.

मग कादंबरी सुरू होते, आणि राक्षसाची वाट बघत आलेल्या वाचकाच्या हातात पडतात एका भलत्याच माणसाची पत्रं. रॉबर्ट वॉल्टन, उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर निघालेला. सेंट पीटर्सबर्ग, ११ डिसेंबर, सतराशे अमुक. पत्र इंग्लंडमधल्या बहिणीला, मिसेस सॅव्हिलना. अनेकजण ही पत्रं चाळून पुढे जातात. सिनेमावाल्यांनी तर ती बहुतेक वेळा कापूनच टाकली. मला विचाराल तर पुस्तकाची खरी चावी तिथं आहे.

पहिलं वाक्य: ‘ज्या मोहिमेबद्दल तुझ्या मनात इतक्या अभद्र शंका होत्या, तिच्या सुरुवातीला कुठलंही संकट आलं नाही, हे ऐकून तुला आनंद होईल.’ आनंदाची बातमी द्यायला बसलेला माणूस पहिल्याच वाक्यात संकटाचं नाव घेतो. शिवाय ही मोहीम अजून निघालेलीच नाही. स्वारी फक्त पीटर्सबर्गला पोचलीय. जहाज भाड्यानं घ्यायचंय, खलाशी जमवायचेत. कोकणात निघालेल्या माणसानं पनवेलला चहा पिता पिता ‘प्रवास निर्विघ्न पार पडतोय’ असा घरी फोन करावा, त्यातला प्रकार. हसू येतं, आणि पुढची पानं वाचताना ते हसू जरा जरा उतरत जातं. कारण बहिणीला वाटलेली भीती बरोबर होती, आणि ती खोटी ठरल्याचा आनंद तो फार लवकर साजरा करतोय.

उत्तर ध्रुव म्हणजे बर्फ आणि उजाडपणा, हे त्याला पटत नाही. ‘जिथं कायम प्रकाश आहे, त्या देशाकडून कशाची अपेक्षा करू नये?’ असं तो विचारतो. ध्रुवावर सहा महिने सूर्य मावळत नाही हे त्याला माहीत आहे. उरलेल्या सहा महिन्यांचा विषय तो काढत नाही. हे वेड त्याच्या एकट्याचं नव्हतं. कादंबरी निघाली त्याच वर्षी, १८१८च्या वसंतात, ब्रिटिश नौदलानं दोन मोहिमा उत्तरेला पाठवल्या. जॉन रॉस अमेरिकेच्या उत्तरेनं जाणारी वायव्येची सागरी वाट शोधायला गेला आणि डेव्हिड बुकन थेट ध्रुवाकडे. बुकनची जहाजं स्पिट्सबर्गनपाशी बर्फात अडकून, मोडतोड होऊन परत आली. म्हणजे वॉल्टनची वाक्यं त्या वेळच्या वाचकाला वेडगळ वाटली नसणार. वर्तमानपत्रातली वाटली असणार.

त्याच पत्रात, माझ्या मते, पुस्तकातलं सगळ्यात धोकादायक वाक्य आहे. ‘आणि आता, प्रिय मार्गारेट, काहीतरी थोर कार्य माझ्या हातून व्हावं, एवढी माझी लायकी नाही का?’ त्याच्या कष्टांची यादी आधी देऊन झालेली आहे. सहा वर्षं तयारी, देवमासे मारणाऱ्यांबरोबर उत्तर समुद्रावर चाकरी, स्वखुशीनं थंडी, उपास, जागरण. त्याआधी, मानवजातीच्या शेवटच्या पिढीपर्यंत पुरेल असं भलं मी करणार, हेही सांगून झालंय. मग हा प्रश्न. यशाचा हिशेब तो परिणामांत मांडत नाही, कष्टांत मांडतो. मी इतकं सोसलंय, आता जगानं मला द्यावं. १८३१च्या सुधारित आवृत्तीत शेलीबाईंनी त्याच्या तोंडी आणखी एक वाक्य घातलं: मला हव्या त्या ज्ञानासाठी एका माणसाचा जीव गेला काय, राहिला काय, ही किंमत थोडीच. कुठल्या माणसाचा, हे तो सांगत नाही. जहाजभर माणसं आहेत.

मार्गारेटचं उत्तर पुस्तकात कुठंही नाही. ती फक्त ऐकते. तिचं पूर्ण नाव मार्गारेट वॉल्टन सॅव्हिल, आद्याक्षरं एम. डब्ल्यू. एस. लग्नानंतर मेरी वुलस्टनक्राफ्ट शेलीचीही तीच. याहून मजेची गोष्ट दिनदर्शिकेत आहे. चौथ्या पत्रात वॉल्टन सहज लिहून जातो, ‘गेल्या सोमवारी (३१ जुलै)’. अठराव्या शतकाच्या अखेरीस ३१ जुलैला सोमवार येतो तो १७९७ साली. हे वर्ष धरलं, तर पत्रं सुरू होतात डिसेंबर १७९६मध्ये आणि संपतात १२ सप्टेंबर १७९७ला. नऊ महिने. मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७चा, आणि तिला जन्म देऊन आई, मेरी वुलस्टनक्राफ्ट, गेली ती १० सप्टेंबरला. अमेरिकन समीक्षक ॲन मेलर यांनी हा हिशेब मांडला. मी तो कॅलेंडरशी ताडून पाहिला, वार बरोबर येतो. लेखिकेनं ठरवून केलं का, यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. मला एवढंच दिसतं, की जन्म देण्याच्या या गोष्टीला बाहेरून जी चौकट आहे, ती एका गर्भारपणाइतकी लांब आहे.

या हिशेबात एक खडा मात्र लागतो. मार्चच्या दुसऱ्या पत्रात वॉल्टन कोलरिजच्या कवितेतले शब्द वापरतो: मी ‘धुक्याच्या नि बर्फाच्या देशात’ चाललोय, पण अल्बट्रॉस काही मारणार नाही, तेव्हा माझी काळजी करू नकोस. ती कविता, म्हाताऱ्या खलाशाची, छापली गेली १७९८ साली. आमचा वॉल्टन वर्षभर आधीच ती म्हणतोय! चालायचंच. लहानपणी मेरीनं ही कविता खुद्द कोलरिजच्या तोंडून, घरच्या दिवाणखान्यात सोफ्यामागे लपून ऐकली, असं सांगतात. ज्या कवितेत खलाशी पक्षी मारतो आणि जन्मभर भेटेल त्याला आपली गोष्ट सांगत फिरतो, तिचा आधार घेऊन हा बहिणीला धीर देतोय. कविता त्यानं वाचलीय, पण ती आपल्याला लागू आहे असं त्याला वाटत नाही. आणि चारच महिन्यांत, भेटेल त्याला आपली गोष्ट सांगणारा माणूस त्याच्याच जहाजावर चढतो.

तो चढतो कसा, ते बघण्यासारखं आहे. बर्फाच्या तुकड्यावर तरंगत आलेली घसरगाडी. कुत्र्यांपैकी एकच जिवंत. माणूस थंडीनं काकडलेला, हाडांचा सापळा. खलाशी त्याला वर घ्यायला वाकलेत, आणि तो परदेशी वळणाच्या इंग्रजीत विचारतो, ‘आपल्या जहाजावर येण्यापूर्वी, आपण कुठं निघाला आहात हे सांगण्याची कृपा कराल का?’ हे व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईनचं पुस्तकातलं पहिलं वाक्य. वॉल्टन चक्रावतो. मरणाच्या दारातला माणूस नावेची दिशा विचारतोय! उत्तरेला, असं कळल्यावरच तो वर यायला राजी होतो. जहाज दक्षिणेला, माणसांत परत जाणारं असतं, तर हा गृहस्थ बर्फावरच बसून राहिला असता. भाषा किती अदबीची, पाहा. ‘कृपा कराल का.’ व्हिक्टर पुस्तकभर असाच बोलतो. त्याच्या सभ्यपणाला कुठं चरा पडत नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडून काय काय होऊन गेलं हे लक्षात यायला वाचकाला वेळ लागतो. हे वाक्य माझ्या भाचीच्या कार्डांत नव्हतं. मी तिला लिहिलं, हे आधी पाठ कर, बाकीची मागाहून.

चौथ्या पत्राच्या शेवटी व्हिक्टर वॉल्टनला म्हणतो, की मी जसा एके काळी ज्ञानाच्या मागे होतो तसाच तू आहेस, पण तुझी इच्छा पुरी झाल्यावर ती तुला साप होऊन डसू नये, जशी मला डसली. कार्डावर याच्या मागे ‘इशारा’ लिहिलं होतं, आणि परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पण सापाची तक्रार तेवढी ऐकू येते आहे. साप पाळला कुणी, टाकून दिला कुणी, ते अजून यायचंय.

आणि मग त्याचं आत्मकथन. ‘मी जन्मानं जिनिव्हाचा, आणि त्या गणराज्यात आमचं घराणं फार प्रतिष्ठित.’ पत्ता आणि कुळी आधी. १८३१च्या आवृत्तीत त्याच्या बालपणाचं एक वाक्य आहे, ते मी सावकाश उतरवते. आईवडिलांना मी कोण होतो, हे सांगताना तो म्हणतो: ‘मी त्यांचं खेळणं होतो, त्यांचा देव होतो, आणि याहूनही काही मोठं, त्यांचं मूल होतो. देवानं त्यांच्या हाती सोपवलेला निष्पाप, असहाय जीव. त्याला चांगलं वळण लावायचं, आणि त्याच्या नशिबी सुख यावं की दुःख हे त्यांच्या हातात, माझ्याबाबतची कर्तव्यं ते कशी पार पाडतात त्यावर.’

कायद्याचं कलम वाटावं इतकं स्वच्छ. जन्म देणाऱ्यावर काय जबाबदारी येते, हे या पुस्तकात राक्षसानंही इतकं नेमकं सांगितलेलं नाही. आणि सांगतोय कोण? ज्यानं आपल्या हातांनी घडवलेल्या जिवाला पहिल्या रात्रीच टाकलं, तो. हे वाक्य लिहिलं तेव्हा मेरी चौतिशीच्या आसपास होती. नवरा बुडून गेला होता, तीन मुलं गेली होती. १८१८च्या मूळ पाठात हे वाक्य नाही. एरवी मी जुन्या पाठाच्या बाजूची आहे. सुधारित आवृत्तीत नियती, दैव, विधिलिखित असलं फार झालंय, आणि त्यानं व्हिक्टरला पळवाट मिळते. पण या एका वाक्यासाठी १८३१ला सगळं माफ.

चौथ्या प्रकरणात (जुन्या छापात तिसऱ्या) तो स्मशानं आणि कसाईखाने धुंडाळतोय, आणि डोक्यात हे चाललंय: ‘एक नवी जात मला आपला कर्ता म्हणून दुवा देईल. कित्येक सुखी, उत्तम जीव आपल्या अस्तित्वाबद्दल माझे ऋणी असतील. मला त्यांची जेवढी कृतज्ञता लाभावी, तेवढीवर कुठलाही बाप आपल्या मुलाकडून हक्क सांगू शकणार नाही.’ वॉल्टनच्या ‘माझी लायकी नाही का’चा हा सख्खा भाऊ. दोघेही देण्याची भाषा बोलतात, आणि हिशेब घेण्याचा मांडतात. मूल अजून टेबलावर तुकड्यांत आहे, आणि त्यानं किती आभार मानायचे हे ठरून गेलंय.

शेलीबाईंनी नंतर सांगितलं, की लिहायला बसल्या तेव्हा पहिले शब्द उतरले ते ‘नोव्हेंबरची एक उदास रात्र होती’. साल १८१६. जिनिव्हाच्या सरोवराकाठी कवी बायरनच्या घरी पाऊस थांबेना, म्हणून भुतांच्या गोष्टी लिहायची पैज लागली, ही हकिगत सर्वांना माहीत असते. (तो पाऊस आदल्या वर्षी इंडोनेशियात फुटलेल्या तांबोरा ज्वालामुखीच्या धुरळ्याची देणगी.) म्हणजे जे वाक्य सगळ्यात आधी आलं, ते छापील पुस्तकात पाचव्या प्रकरणाच्या तोंडाशी जाऊन बसलं. त्याच्या आधी जे काही रचलं गेलं, ती या रात्रीकडे येणारी वाट आहे.

रात्र वाचा. वीज कडाडत नाही. ती १९३१च्या सिनेमानं आणली. पहाटेचा एक, तावदानांवर पावसाची रिपरिप, विझत आलेली मेणबत्ती. त्या मिणमिणत्या उजेडात एक निस्तेज पिवळा डोळा उघडतो. व्हिक्टरला हर्ष होत नाही. ‘त्याचे अवयव मी सुंदर म्हणून निवडले होते. सुंदर! अरे देवा!’ तो खोली सोडून पळतो, झोपतो, दचकून उठतो, तर पलंगाशी तो उभा. जबडा हलतो, अस्पष्ट आवाज निघतात, गालांवर हसल्यासारख्या सुरकुत्या पडतात. ‘तो बोललाही असेल, मी ऐकलं नाही. एक हात पुढे झाला होता, बहुधा मला थांबवायला. मी निसटलो, आणि जिना उतरून पळालो.’

ज्यानं तान्हं मूल पाहिलंय, त्याला हे बघून काय आठवावं? डोळे उघडणं, तोंडातून निघणारे आवाज, हसू, पुढे केलेला हात. घाबरवणारं सगळं सांगणाऱ्याच्या विशेषणांत आहे. मेरीची पहिली मुलगी दिवस भरायच्या आधी जन्मली आणि १८१५च्या मार्चात गेली. त्याच महिन्यात तिनं रोजनिशीत स्वप्न लिहून ठेवलं: बाळ पुन्हा जिवंत झालं, ते फक्त गारठलं होतं, आम्ही त्याला शेकोटीपाशी चोळलं आणि ते जगलं. वर्षभरानं तीच बाई निर्जीव देहात धुगधुगी येण्याचा प्रसंग लिहिते, आणि तिथं असलेल्या एकमेव माणसाला जिन्यावरून पळवते.

राहता राहिला हेन्री क्लर्व्हल, व्हिक्टरचा जिवलग मित्र. सज्जन, कविमनाचा, आजारात व्हिक्टरची सेवा करणारा. कार्डांवर त्याच्या वाट्याला फक्त ‘मैत्री’ आली होती. सुधारित आवृत्तीत तो फारसी, अरबी आणि संस्कृत शिकतो, आणि पुढे लंडनमध्ये असताना व्हिक्टर सांगतो, की भारतात जाण्याचा त्याचा बेत होता. तिथल्या भाषांचं ज्ञान आणि तिथल्या समाजाविषयी बनवलेली मतं यांच्या बळावर, युरोपच्या वसाहती आणि व्यापार यांच्या प्रगतीला आपण भरीव हातभार लावू, असा त्याचा विश्वास होता. हे एका साध्या वाक्यात येतं आणि जातं, व्हिक्टरला त्यात काही वावगं दिसत नाही. वॉल्टनला ध्रुव, व्हिक्टरला जीव, आणि पुस्तकातल्या सगळ्यात भल्या माणसाला आपण.

आयर्लंडच्या किनाऱ्यावर त्याचं प्रेत सापडतं, त्यामुळे तो काही इकडे पोचला नाही. त्याच्यासारखे इतर पोचले. त्याच १८३१ साली मुंबईत जेम्स मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला. त्याचं पुनर्मुद्रण माझ्या टेबलावर असतं. जुना शब्द अडला की मी अजून तोच उघडते, आणि त्या माणसाच्या कष्टांपुढे हात जोडावेसे वाटतात. तेवढ्यात व्हिक्टरचं, कृतज्ञतेवर हक्क सांगणारं वाक्य आठवतं, आणि जोडलेल्या हातांचं काय करायचं ते मला ठरवता येत नाही.